समुद्राकडची खोली कोणाची?

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. मे महिन्यात त्या, त्यांचे यजमान, मोठे दीर, जाऊबाई, दोन्हीकडची मुले आणि सासूबाई दक्षिण गोव्यातल्या एका किनारी रिसॉर्टवर गेले होते. तिन्ही खोल्यांचे बुकिंग या भगिनींच्या नावावर होते आणि खर्च दोघा भावांनी निम्मा निम्मा केला होता. रिसेप्शनवर त्यांना सांगण्यात आले, की तुम्ही आमच्या सभासद आहात, तेव्हा तुम्हाला जादा पैसे न घेता समुद्राकडचा स्वीट देत आहोत. यजमानांनी तिथल्या तिथे किल्ली घेतली. बाकीचे तळमजल्यावर, बागेकडच्या खोल्यांत राहिले. जाऊबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण गौरी-गणपतीत सगळ्यांसमोर "आम्ही आपले खालच्या खोलीतले" असे म्हणाल्या आणि तेव्हापासून फोनही घेत नाहीत. "हॉटेलने मला दिले ते मी घेतले, यात माझे काय चुकले? आता फरकाचे पैसे देऊ करावेत का?" असे या भगिनी विचारतात.

सप्रेम नमस्कार. न मागता मिळालेल्या गोष्टीवरून दोषी ठरणे जिव्हारी लागते, हे मला समजते. तरीही ती खोली तुम्हाला कशी मिळाली हे आधी पाहू, कारण तुमची सगळी बाजू "हॉटेलने मला दिले" या एका वाक्यावर उभी आहे. सुट्टीच्या गर्दीत अनेक हॉटेले साध्या खोल्या असतात त्याहून थोड्या अधिक विकतात, कारण काही बुकिंग ऐन वेळी रद्द होणार हे त्यांनी धरलेले असते. ती रद्द झाली नाहीत, की कोणाला तरी वरच्या खोलीत हलवणे त्यांना भाग पडते. कोणाला हलवायचे हे ठरवताना सभासदत्व पाहतात हे खरे, पण एका नावावर किती खोल्या आणि किती रात्री आहेत याचाही विचार होतो. तुमच्या नावावर तीन खोल्या होत्या आणि त्यांचे निम्मे पैसे दिरांनी भरले होते. म्हणून माझ्या मते तो स्वीट सगळ्या घराला मिळाला होता, आणि त्यात कोणी राहायचे हे किल्ली घेण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून ठरवायला हवे होते.

तो सासूबाईंना द्यायलाच हवा होता, असे मात्र मी म्हणणार नाही. किनारपट्टी नियमनाच्या अटींनुसार भरतीरेषेपासून 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यातल्या रिसॉर्टांना 9 मीटरपेक्षा उंच बांधता येत नाही, तळमजल्यावर एकच मजला चढवता येतो. बाणावलीपासून मोबोरपर्यंतची रिसॉर्टे अशी ठेंगणी आणि ऐसपैस पसरलेली दिसतात ती बरीचशी यामुळे. वाळूच्या टेकड्या आणि माड आड येत असल्याने तळमजल्यावरून समुद्र सहसा दिसत नाही, तेव्हा समुद्राकडचे स्वीट बहुधा वरच्या मजल्यावर असतात आणि तिथे पुष्कळदा जिना चढावा लागतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि जेवायलाही त्या बॅटरीच्या गाडीतून जात होत्या, असे तुम्हीच लिहिले आहे. त्यांना बागेकडचीच खोली सोयीची होती, आणि जाऊबाईंनाही हे पटण्यासारखे आहे.

त्या दुखावल्या ते वेगळ्याच गोष्टीने, आणि ती तुमच्या पत्रात ओघात येऊन गेली आहे. पहिल्या संध्याकाळी तुम्ही बाथटबमधल्या गुलाबपाकळ्यांचे आणि टॉवेलच्या हंसांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकलेत. त्या वेळी जाऊबाई खाली खोलीबाहेरच्या खुर्च्यांवर मुलांचे पोहण्याचे ओले कपडे वाळत घालत होत्या, आणि त्यांनी फोन पाहून तो पालथा ठेवला, हे तुम्ही जिन्यावरून पाहिलेत. स्वीटला झोपायच्या खोलीखेरीज वेगळी बैठक असते. सगळ्यांनी वर येऊन चहा घ्यावा, मुलांनी पत्ते खेळावेत, एवढी ती नक्कीच मोठी असते. मुक्कामभरात तुम्ही कोणाला एकदाही वर बोलावल्याचा उल्लेख पत्रात नाही. मोठ्या जावेला फोटो पाहायला मिळाला आणि बोलावणे आले नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले.

फरकाचे पैसे देऊ करू नका. त्या खोलीचे पैसे कोणीच भरलेले नाहीत, आणि पाकीट पुढे केलेत तर त्यांच्या मनातल्या सलाचा हिशोब होऊन बसेल. पण एक कल्पना करून पाहा. पैसे भरून वरची खोली घ्यायची असती आणि भाडे रात्रीला 7500 रुपयांच्या वर जाऊन कर 5 टक्क्यांवरून 18 टक्के होणार असता, तर दिरांना विचारल्याशिवाय तुम्ही होकार दिला असता का? खोली फुकट होती म्हणून विचारायचे राहिले.

तेव्हा फोनची वाट न पाहता स्वतः त्यांच्याकडे जा आणि एवढेच सांगा, "वहिनी, किल्ली घेण्याआधी तुम्हाला विचारायला हवे होते, ते आम्ही केले नाही. माझे चुकले." पुढे सभासदत्वाचा किंवा सासूबाईंच्या गुडघ्यांचा विषय काढू नका, ही कारणे खरी असली तरी माफीला जोडून आली की सफाई वाटतात. साडी, भेटवस्तूही नको. आणि किल्ली यजमानांनी घेतली होती, तेव्हा त्यांनीही आपल्या भावाशी स्वतंत्रपणे बोलायला हवे. हे ओझे दोघी जावांवर टाकून दोघे भाऊ बाजूला राहतात, हे मला पसंत नाही.

पुन्हा असा प्रसंग आला तर रिसेप्शनवर थोडा वेळ मागून घ्या. एकाच बुकिंगमधल्या कोणत्या खोलीत कोण राहणार हे किल्ल्या देण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी बदलून देतात. सभासदाने स्वतःच राहावे असा काहींचा नियम असतो. तसे असेल तर तो सगळ्यांसमोर वाचून घ्या, खुशाल राहा आणि संध्याकाळचा चहा वर सगळ्यांसाठी मागवा.

गौरीच्या जेवणात चारचौघांत तुम्हाला बोलणे हेही योग्य नव्हते, आणि ते तुम्ही त्यांना जरूर सांगावे. फक्त ते माफीच्या दिवशी नको. नवरात्र उलटू द्या आणि दोघीच असताना बोला.