खर्चमेळ कशाला आणि रोखवही कशाला?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या कृषी कार्यालयात पहिल्यांदाच आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयासाठी कोषागारातून पैसे काढून वाटणारा अधिकारी, झालात. पगार सेवार्थ या पगाराच्या प्रणालीवर, निधी बीम्स या निधीवाटपाच्या प्रणालीवर, पैसे थेट लाभार्थ्याच्या खात्यात. मग रोज रोखवही कशाला लिहायची, आणि महालेखापालांशी (सरकारचे लेखे ठेवणाऱ्यांशी) खर्चमेळ, म्हणजे आपल्या आणि त्यांच्या खर्चाच्या आकड्यांची जुळणी, करायला जिल्ह्याबरोबर आपला माणूस नागपूरला कशाला पाठवायचा? शिवाय ‘लेखालिपिक हुशार आहे, सगळं तोच बघतो.’

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो.

नोकरीत असताना एका कार्यालयाची (नाव नको) रोखवही तपासायला गेलो होतो. इतकी नेटकी वही क्वचितच बघायला मिळते. दर महिन्याच्या शेवटी बँकेशी ताळमेळ, पै न् पै जुळलेला, खाली साहेबांची सही. तासभर बघत बसलो आणि मग लक्षात आलं की वर्षभरात एकाही महिनाअखेरीस एकही धनादेश वटायचा बाकी नव्हता. असं होत नाही हो. 29 तारखेला दिलेला धनादेश पुढच्या महिन्यातच वटतो, कुणी तर तो खिशात घालून पंधरा दिवस हिंडतो. मग बँकेचा उतारा नीट पाहिला. शिल्लक छापली होती 312,450. बँकेच्या उताऱ्यात ती 3,12,450 अशी असायची. तो उतारा बँकेतून आलेलाच नव्हता, कार्यालयातल्याच संगणकावर तयार झाला होता. मॅनेजरकडून स्वतः उतारा घेतला तेव्हा शिल्लक बरीच कमी निघाली.

साहेबांची सही मात्र खरी होती. त्यांच्यापुढे ठेवलेले दोन्ही कागद खरोखरच जुळत होते, फक्त दोन्ही एकाच हातानं केलेले होते.

अंतर्गत नियंत्रण म्हणून प्रशिक्षणात जे दोन दिवस शिकवतात, त्यातलं मला उपयोगी पडलं ते एवढंच: ज्याचं काम तपासायचं, त्याच्याच हातून आलेल्या कागदावर तपासायचं नाही. तो कागद दुसऱ्या वाटेनं आला पाहिजे.

चारा घोटाळा लोकांना राजकारणामुळे आठवतो. आम्हा लेखावाल्यांना तो वाटप आदेशांमुळे, म्हणजे कार्यालयाला किती निधी दिला हे सांगणाऱ्या कागदांमुळे, आठवतो. अविभाजित बिहारच्या पशुसंवर्धन खात्यात बनावट वाटप आदेश आणि न आलेल्या मालाची देयकं कोषागारात जात होती आणि मंजूर होत होती. ज्याला पैसे काढायचे, तोच ‘इतका निधी मंजूर आहे’ हा कागद घेऊन खिडकीवर उभा. 1996 च्या जानेवारीत चाईबासाचे उपायुक्त अमित खरे यांनी काढलेल्या रकमा पाहून चौकशी सुरू केली तेव्हा प्रकरण फुटलं. एकूण रक्कम साधारण 950 कोटी सांगितली जाते. आपल्याकडच्या बीम्सकडे मी याच नजरेनं बघतो. निधी वरून प्रणालीतूनच उतरतो, बीडीएस (निधी असल्याची प्रणालीतली चिठ्ठी) निघाल्याशिवाय देयक पुढे जात नाही. वाटप आदेश हातात घेऊन कुणी जात नाही, हे एक मोठं भोक बुजवल्यासारखं झालं.

पण बीम्स तुम्हाला सांगतं ते एवढंच की निधी होता आणि उचलला गेला. तो कुठल्या शीर्षाखाली (खर्चाच्या वर्गात) नोंदला गेला हे प्रमाणकावरून, म्हणजे पैसे दिलेल्या देयकावरून, महालेखापालांकडे ठरतं, आणि तो आकडा तुमच्या लिपिकाच्या हातून जात नाही. म्हणूनच खर्चमेळ महत्त्वाचा. समजा मृद व जलसंधारणाच्या 2402 या शीर्षाखाली तुमच्या नोंदवहीत 4,86,250 आहेत आणि तिकडे 4,68,250. फरक 18,000, नऊनं भाग जातो. म्हणजे बहुधा कुणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिलेत. हा पाच मिनिटांचा प्रश्न. त्रासदायक प्रकार वेगळा. एकूण बेरीज तंतोतंत जुळते, म्हणून माणूस चहा पिऊन परत येतो, आणि आत पीक संवर्धनाच्या 2401 खाली 1,40,000 जास्त, 2402 खाली तेवढेच कमी. पीक संवर्धनाचं देयक आणि जलसंधारणाचं देयक एकाच टेबलावरून जातं, हे व्हायचंच. म्हणून एकूण रकमेवर थांबू नका, उद्दिष्ट शीर्षापर्यंत (पगार, प्रवास अशा सगळ्यात खालच्या वर्गापर्यंत) उतरा आणि प्रमाणक क्रमांक लिहून आणा. वर्षाचे लेखे बंद झाले की दुरुस्ती होत नाही, आणि तीच चूक विनियोजन लेख्यांत (मंजूर निधी आणि झालेला खर्च यांच्या वार्षिक हिशेबात) एकीकडे बचत, दुसरीकडे जादा खर्च होऊन बसते. मग विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे खुलासा द्यायला मंत्रालयातून फोन येतो, तो थेट तुम्हालाच.

आता रोखवही. आपले लेखे रोख पद्धतीचे. कोषागारातून पैसा निघाला की तो खर्च झाला, सरकारच्या हिशेबी विषय संपला. 31 मार्चला निधी व्यपगत (न वापरल्यामुळे रद्द) होऊ नये म्हणून रक्कम काढून कार्यालयाच्या खात्यात ठेवली, तर बीम्समध्ये खर्च, महालेखापालांकडे खर्च, खर्चमेळही जुळलेला. आणि पैसा बँकेत तसाच. संक्षिप्त देयकावर (तपशील नंतर द्यायच्या बोलीवर) काढलेल्या रकमांचंही तेच, तपशीलवार देयक जाईपर्यंत. या पैशाचा पत्ता फक्त एका जागी असतो, तुमच्या रोखवहीत. ती बंद केलीत तर तो पैसा आहे हे कुणाला कळणार? आणि हे पैसे काढून ठेवू नयेत हे मी सांगायला नको, पण एप्रिलमध्ये कार्यभार घेताना मागच्या साहेबांनी ठेवलेले सापडतात, तेव्हा वही असली तर निदान बोट दाखवता येतं.

सेवार्थचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर ठेवला असेल तर आजच काढा. देयक करणारं लॉगिन आणि मंजूर करणारं लॉगिन एकाच माणसाकडे असेल तर दोन लॉगिनना अर्थ नाही.

बँकेला तुमच्या सहीचं पत्र द्या आणि उतारा थेट स्वतःच्या नावे मागवा. चालू महिन्याचा नको, मागच्या वर्षीच्या कुठल्यातरी मधल्याच महिन्याचा मागवा. आणि लेखालिपिकाला दिवाळीच्या अलीकडे आठवडाभर रजेवर पाठवा, त्याच्या जागी आस्थापनेचा लिपिक बसवून एका महिन्याचा ताळमेळ करून घ्या. तुमचा माणूस तुम्ही म्हणता तसा असेल, तर परत आल्यावर त्याला टेबलावर फक्त कामाचा ढीग सापडेल.