वाडा लेबलावर उतरवताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी रेखाटनं पाहिली. हात चांगला आहे, वादच नाही. पण नाशिकचा अख्खा सरकारवाडा एका वाइनच्या लेबलात बसवायचा हट्ट सोड. बाटलीचा व्यास जेमतेम साडेसात सेंटिमीटर. गोलाईमुळे लेबलाच्या कडा समोरून दिसतच नाहीत, आणि गिऱ्हाईक फळीपासून हातभर लांब उभं असतं. त्याला तुझ्या पायऱ्या, खिडक्या, कोरीवकाम सगळं मिळून एक करडा डाग दिसेल.

एकच अवयव घे. शातो लातूरच्या लेबलावर (आपलं लातूर नव्हे, फ्रान्समधलं) एक मनोरा आहे, बस. मूळ गढी केव्हाच गेली. आज बागेत उभा आहे तो सतराव्या शतकातला कबुतरखाना. तरी सगळी ओळख त्या मनोऱ्यावर चालते.

तुझ्यासाठी मला पेशवाई वाड्यांतला सुरूचा खांब सुचतो (लाकूड सुरूचं नव्हे, आकार सुरूच्या झाडासारखा). खाली दगडी तळखडा, त्यावर बुडाशी फुगीर आणि वर निमुळता होत गेलेला सागवानी खांब, दोन खांबांमध्ये महिरप म्हणजे नक्षीदार कमान, महिरपीतून लोंबणारं कोरीव केळफूल. उभट आकार बाटलीला आयताच जुळतो. फक्त फोटोवरून गिरवू नकोस. मालकाला विचारून आत जा, टेपनं घेर मोज, नक्षीवर कागद धरून पेन्सिलीनं ठसा घे. पटाशी कुठं वळली ते बोटांना आधी कळतं. आणि तळखडा विसरू नकोस. जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून तो तिथं आहे. दगड आणि लाकूड यांच्यामधली ती सांध्याची रेघ पुसलीस, की खांब लग्नाच्या मांडवातला थर्माकोलचा वाटायला लागतो.

देवळं मात्र नकोत. काळाराम काय, सिन्नरचा गोंदेश्वर काय, शिकायला जरूर जा; गोंदेश्वराच्या शिखरावर छोटी छोटी शिखरं ओळीनं कशी चढत जातात ते तासभर बघ. पण दारूच्या बाटलीवर देऊळ लोकांना खपणार नाही, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

आता छपाई. तू निवडलेल्या खरबरीत कागदावर शाई पसरते, बारीक रेघा भरून जातात. केळफुलाच्या पाकळ्या कमी कर, रेघ जाड कर. व्हाइट वाइन बर्फाच्या बादलीत बसणार, तेव्हा ओलाव्यात टिकणारा कागद छापखान्याकडून आधीच मागून घे. वैधानिक इशाऱ्याची जागाही आत्ताच राखून ठेव. ७५० मिलीच्या बाटलीवर ती अक्षरं किमान ३ मिलिमीटर लागतात. ऐनवेळी इशारा चित्रावर चढलेला फार वाईट दिसतो.

ती सोनेरी फॉइल काढ. काळा दगड, तेल प्यायलेला साग आणि चुना, एवढ्या तीन रंगांत पुढचा मसुदा कर. पाठवशील तेव्हा खांबाची मापं लिहिलेला कागदही जोड. मला आधी तो बघायचा आहे.