गणित सोडू देऊ नका

शिरोळ तालुक्यातल्या एका ऊस उत्पादक पालकांनी विचारलंय: ‘मुलगी बारावीला आहे. नीट द्यायची नाही म्हणते. हवेतला कार्बन डायऑक्साइड जास्त शोषणारे जीव घडवायचेत तिला, सिंथेटिक बायोलॉजी करून. यात पोट भरतं का? गणित जड जातंय, ते सोडलं तर चालेल?’

नमस्कार. तिला हवाय त्या, म्हणजे जनुकं जुळवून हवे तसे जीव घडवायच्या विषयाचा एक धडा तुमच्याच फडात उभा आहे. पानात कार्बन डायऑक्साइड पकडतं ते रुबिस्को नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन. सेकंदाला जेमतेम तीन ते दहा रेणू, आणि त्यातही कधी चुकून ऑक्सिजनच धरतं. ऊस, मका, ज्वारी ही पिकं रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड दाटवून ही चूक टाळतात. भात-गव्हाला ते जमत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या शास्त्रज्ञांनी तंबाखूत जनुकं घालून ही चूक निस्तरायची जवळची वाट बसवली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शेतातल्या चाचण्यांत झाडांची वाढ सुमारे 40 टक्के जास्त भरली. जर्मनीत तोबियास एर्ब यांच्या गटानं 2016 मध्ये 17 एन्झाइमं जुळवून रुबिस्कोला वगळणारं चक्रच रचलं, पण परीक्षानळीत. जिवंत पेशीत ते चालवणं ही पुढची लढाई, आणि तिथं माणसं लागणार आहेत. आपल्याकडे पवई तलावात सापडलेला एक सायनोबॅक्टेरिया (झाडासारखा उन्हावर अन्न करणारा जिवाणू) सव्वादोन-अडीच तासांत दुप्पट होतो. अशा कामाला तो सोयीचा.

आता पोटाचं. नुसत्या कार्बन शोषणाच्या नोकऱ्या भारतात आज मोजक्याच. पण जनुकं जोडणं, एन्झाइम सुधारणं, फर्मेंटर (जिवाणू वाढवायच्या टाक्या) चालवणं हे हातात असेल तर लस, औषध, इथेनॉल या उद्योगांची दारं उघडी आहेत. पानिपतला इंडियन ऑइलनं रिफायनरीच्या वायूपासून जिवाणूंकरवी इथेनॉल करायचा प्रकल्प उभारलाय तो याच जातीचा.

संशोधनात जायचं तर पीएचडी धरून दहा-अकरा वर्षं. ‘अजून शिकतेच का?’ असं पाहुणे विचारतील, तेव्हा उत्तर तुम्हाला द्यायचंय.

गणित मात्र सोडू देऊ नका. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे आयएटीत, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात, आणि पुढं एन्झाइमचा वेग मांडायचा तो समीकरणांतच. ‘सिंथेटिक बायोलॉजी’ अशी पाटी लावून भरमसाट फी घेणाऱ्या पदव्यांच्या नादी लागू नका. आधी साधं, पक्कं बीएस-एमएस (आयसरची पाच वर्षांची जोडपदवी) किंवा बीएस्सी.

एक करा. उसाचं आणि भाताचं पान ब्लेडनं आडवं, अगदी पातळ कापून तिला कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. उसात शिरांभोवती हिरव्या पेशींची कडी दिसतील. भातात तशी का नाहीत, हे ती घरी येऊन तुम्हाला सांगायला लागली, तर आयएटीचा फॉर्म भरा.