जूनची मतपत्रिका सोडू नका

प्रश्न : मी एच-वन-बीवर अमेरिकेत आलो, ग्रीन कार्डच्या रांगेत अकरा वर्षं काढली आणि गेल्या वर्षी नागरिक झालो. मतदार नोंदणीचा फॉर्म भरताना पक्षाच्या रकान्यापाशी अडकलो. प्रॉपर्टी टॅक्स कमी व्हावा, सरकारने खर्चाला आवर घालावा, बेकायदा आलेल्यांना आमच्या पुढे नेऊ नये, असं मला वाटतं. पण बंदुकांवर कडक नियम हवेत, गर्भपाताचा निर्णय बाईचाच असावा आणि सरकारी शाळांच्या पैशाला कोणी हात लावू नये, हेही तितकंच ठाम वाटतं. टेक्सासचे साडू मला डावा म्हणतात. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही रिपब्लिकनच. फॅमिली ग्रुपवर मी आता वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नाही. रकाना रिकामाच ठेवला, तर तेच जास्त प्रामाणिक नाही का?
– एक वाचक, प्लेन्सबरो, न्यू जर्सी

उत्तर : रिकामा ठेवता येतो. आपल्या राज्यात अनअफिलिएटेड, म्हणजे कुठल्याच पक्षात नसलेले, म्हणून नोंदलेले मतदार वीस लाखांच्या वर आहेत. पण त्या रकान्यात तुमची श्रद्धा विचारलेली नाही हो. जूनमधल्या प्रायमरीत, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, कोणत्या पक्षाची मतपत्रिका हातात घेणार, एवढंच विचारलंय.

मी निवडणुकीच्या दिवशी आमच्या काउंटीतल्या केंद्रावर टेबलाशी बसते. जूनमध्ये आपल्यापैकी कोणी ना कोणी येतंच आणि म्हणतं, "मी कुठल्याच पक्षाचा नाही, दोन्ही मतपत्रिका दाखवा, मग ठरवतो." तसं चालत नाही. पक्ष सांगावा लागतो, मगच मत देता येतं, आणि तो पक्ष तुमच्या नावापुढे नोंदला जातो. हे ऐकून काहीजण तणतणत घरी जातात. नोव्हेंबरमध्ये तेच परत येऊन मला विचारतात, "एवढ्या मोठ्या राज्यात उभं करायला हेच दोघं मिळाले का?"

प्लेन्सबरोत तर हे जास्तच लागू आहे. तुमचा बारावा काँग्रेस मतदारसंघ 1998 पासून डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहे. त्या वर्षी निवडून आलेले रश होल्ट हे तुमच्याच गावातल्या प्लाझ्मा फिजिक्स प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. 2000 साली ते हजाराहून कमी मतांनी कसेबसे वाचले, तेव्हा नोव्हेंबरच्या एकेका मताला किंमत होती. नंतर सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि चुरस संपली. आज तिथला खरा निर्णय जूनमध्ये होतो, आणि रकाना रिकामा ठेवून घरी बसणारा त्यात नसतो.

शिवाय जूनची मतपत्रिका आता पूर्वीपेक्षा बरी झाली आहे. आधी बहुतेक काउंट्यांत पक्षसंघटनेच्या पसंतीचे उमेदवार एका ठळक ओळीत छापत आणि बाकीच्यांना कोपऱ्यात ढकलत. तेव्हा प्रतिनिधिगृहात असलेले न्यू जर्सीचे डेमोक्रॅट अँडी किम यांनी याविरुद्ध दावा लावला आणि मार्च 2024 मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती पद्धत थांबवली. त्याच वर्षी किम सिनेटवर निवडून गेले. आता एका पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत दिसतात. संघटनेच्या विरोधात उभा राहिलेला, तुमच्याशी निम्मं-अधिक जुळणारा एखादा माणूस तुम्हाला सापडेल तर तिथेच सापडेल.

तिसरा पक्ष म्हणाल, तर 1992 च्या अध्यक्षीय निवडणुकीत दोन्ही पक्षांबाहेरून उभे राहिलेले रॉस पेरो यांना सुमारे 19 टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मत, म्हणजे अध्यक्ष ठरवणारं राज्यांच्या वाट्याचं मत, एकही मिळालं नाही. 'सर्वाधिक मतं त्याची जागा' या नियमात दुसरं काय होणार? आणि पक्ष वाढले म्हणजे मन जुळतं असंही नाही. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेला शिवसेना दोन होत्या, राष्ट्रवादी दोन होत्या, तरी पुण्यातला माझा भाऊ मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत कुरकुरत होता.

आता तुमच्या मतांकडे येते. ती काही तुम्हाला वाटतात तितकी पक्षांत वाटलेली नाहीत. ग्रीन कार्डचंच घ्या. तुमची अकरा वर्षं खाल्ली ती कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा न देणाऱ्या कायद्याने. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांवरची ही मर्यादा काढण्याचं विधेयक जुलै 2019 मध्ये प्रतिनिधिगृहात 365 विरुद्ध 65 मतांनी संमत झालं. दोन्ही पक्षांनी उचलून धरलं होतं. डिसेंबर 2020 मध्ये सिनेटने आपली वेगळी आवृत्ती संमत केली, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळलं. सीमा ओलांडून आलेला माणूस तुमच्या रांगेत नव्हताच. त्याला उद्या परत पाठवलं तरी एडिसनमधल्या एकाही अर्जदाराचा नंबर पुढे सरकणार नाही. बेकायदा स्थलांतराबद्दल कडक मत जरूर ठेवा, पण हे कारण देऊ नका.

करांचंही तसंच. 2017 च्या करकायद्याने केंद्रीय आयकर भरताना मिळणारी राज्याच्या आणि स्थानिक करांची वजावट दहा हजार डॉलरवर बांधली, तेव्हा प्रतिनिधिगृहात न्यू जर्सीचे पाच रिपब्लिकन होते. त्यांतल्या चौघांनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं. म्हणून मी तरी पक्षाचं चिन्ह बघून थांबत नाही, त्या माणसाने मतदानाच्या दिवशी काय केलं ते शोधते.

आणि थोडं रागवा हवं तर, पण तुमची मतं एकमेकांशीही जुळत नाहीत. प्रॉपर्टी टॅक्स कमी हवा आणि शाळांच्या पैशाला हात नको. टॅक्सचं बिल काढून बघा, त्यातला सगळ्यात मोठा तुकडा शाळेचाच असेल. हा पेच कुठलाही पक्ष सोडवून देणार नाही, तो शाळा मंडळात सुटतो किंवा चिघळतो. ती निवडणूक पक्षविरहित असते आणि तिथे तुमच्या रकान्याला काडीचा अर्थ नाही. उमेदवार फार थोड्या मतांनी निवडून येतात, बजेटच्या सभेला खुर्च्या रिकाम्या असतात. साडूंशी वाद घालण्यात जाणारी एक संध्याकाळ तिकडे घालवा.

राहिला फॉर्म. तूर्त रिकामा ठेवलात तरी चालेल. प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष निवडता येतो आणि नंतर अर्ज देऊन पुन्हा अनअफिलिएटेड होता येतं. एका पक्षात नोंद झाल्यावर दुसऱ्यात जायचं असेल तर मात्र प्रायमरीच्या 55 दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. नोंदलेला पक्ष मतदार यादीत कोणालाही दिसतो, मत कोणाला दिलंत ते दिसत नाही. मी स्वतः एका पक्षात नोंदलेली आहे आणि नोव्हेंबरमध्ये वेगवेगळ्या पदांसाठी वेगवेगळ्या पक्षांना हवं तसं फोडून मत देते. पक्ष कोणता ते इथे लिहीत नाही, नाहीतर पुढच्या अंकात फक्त त्याचीच पत्रं येतील.

एक मात्र लक्षात ठेवा. टपालाने मत देत असाल तर रकाना रिकामा असताना जूनची मतपत्रिका घरी येणार नाही. आधी पक्ष कळवा, नाहीतर स्वतः केंद्रावर या.