खपली धरली की मगच शाळा

प्रश्न: मिरजेत आमच्या पोराच्या वर्गात चौघांना कांजिण्या आल्यात, त्यात आमचाही. ताप उतरलाय, सोमवारपासून चाचणी परीक्षा आहे, पाठवू का?

उत्तर: नका पाठवू ताई. ताप उतरला म्हणजे लागण थांबली असं नसतं, सगळ्या फोडांवर खपली धरायला लागते आणि त्याला साधारण ५ ते ७ दिवस जातात. डोक्यात केसांखाली, काखेत नीट बघा, तिथं एखादा पाणी भरलेला फोड राहतो आणि लक्षातच येत नाही. परीक्षा मागाहून घ्या म्हणून बाईंना आजच फोन करा.

हा आजार पुरळ यायच्या १-२ दिवस आधीच पसरायला लागतो, त्यामुळं वर्गातल्या बाकीच्या पोरांवर २१ दिवस लक्ष ठेवा म्हणावं. शाळेत कोणी बाई गरोदर असतील आणि त्यांना आधी कांजिण्या झाल्या नसतील तर त्यांना लगेच कळवा, हे फार महत्त्वाचं आहे!

दाराला कडुलिंब बांधा हवं तर, पण पोराची नखं कापा आणि अॅस्पिरिन अजिबात देऊ नका. लस सरकारी मोफत यादीत नाही, खाजगीत मिळते. संपर्कानंतर ३ ते ५ दिवसांत दिली तरी उपयोग होतो, त्यामुळं घरात वर्षाच्या वरचं भावंडं असेल तर डॉक्टरांना आजच विचारा.