टपालपेटीची किल्ली

*माझा कोथरूडचा फ्लॅट तीन वर्षांपूर्वी भाड्याने दिला. मी सध्या वाकडला मुलाकडे असतो. बँक, एलआयसी, शेअरच्या कंपन्या, सगळ्यांचं टपाल अजून जुन्या पत्त्यावरच येतं. जिन्याखालच्या पेटीत पडतं ते मी दर रविवारी जाऊन काढतो, किल्ली माझ्याकडेच आहे. मग समोरच्या बिऱ्हाडात चहा घेऊन परततो. पण कुरिअर आणि स्पीड पोस्ट वर दारात जातं आणि तिथे भाडेकरू आडमुठेपणा करतात. गेल्या महिन्यात माझं डेबिट कार्ड 'ते इथे राहत नाहीत' म्हणून परत पाठवलं. मी मात्र त्यांच्या मुलीचं आधारचं पत्र पेटीत आलं तेव्हा स्वतः वर नेऊन दिलं होतं. एवढी माणुसकी त्यांना का नसावी? भाडं वेळेवर देतात, म्हणून काढवतही नाही. त्यांना कसं समजवावं? — एक घरमालक, वय ६८*

काका,

तुम्ही पत्र लिहिलंत डेबिट कार्डाबद्दल, पण मी अडकले ती 'किल्ली माझ्याकडेच आहे' या तीन शब्दांशी. भाडं देऊन राहणाऱ्या कुटुंबाच्या टपालपेटीची किल्ली तीन वर्षं तुमच्या खिशात आहे. आधारचं छापील पत्र साध्या टपालाने येतं, सही न घेता पेटीत पडतं. म्हणजे त्या मुलीचं पत्र सोमवारी आलं असेल तर रविवारपर्यंत ते तुमच्या कुलपात होतं. तुमचा एखादा रविवार पावसाने बुडाला असता तर आणखी आठवडाभर. ते वर नेऊन दिलंत यात माणुसकी कसली? त्यांचंच पत्र त्यांना उशिरा मिळालं, एवढंच.

कार्ड परत पाठवलं ते त्यांनी बरोबर केलं. सही करून घेतलं असतं आणि पुढे त्या कार्डावरून काही भानगड झाली असती, तर सही कुणाची सापडली असती? तुमचं टपाल सांभाळायचं करारात ठरलेलं नाही, भाड्यात कुठे वळतं केलेलं नाही. त्यांना समजवण्यासारखं काहीच नाही.

येत्या रविवारी जा आणि किल्ली त्यांच्या हातात द्या. दुसरी करून स्वतःकडे ठेवू नका. पेटीवर त्यांच्या नावाची पट्टी लावा. तीन महिने एवढीच विनंती करा, की तुमच्या नावाचं काही आलं तर पाकीट न उघडता बाहेरून फोटो काढून पाठवावा आणि पाकीट पोस्टमनकडे परत द्यावं. फोटोत ज्याचं नाव दिसेल, त्याच्याकडे त्याच दिवशी पत्ता बदलायला घ्या.

पत्ता बदलायची सुरुवात आधारपासून करा. वाकडचं वीजबिल मुलाच्या नावावर असणार आणि 'माझ्या नावाचा पुरावाच नाही' म्हणून तुम्ही तिथेच थांबला असणार. अशा वेळी कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता बदलता येतो. आधारच्या संकेतस्थळावर तुमच्या क्रमांकाने आत जा, कुटुंबप्रमुख म्हणून मुलाचा क्रमांक घाला, नातं दाखवणारा कागद जोडा (वडील म्हणून तुमचं नाव असलेला त्याचा पासपोर्ट चालतो) आणि ७५ रुपये भरा. मग मुलाने ३० दिवसांत स्वतःच्या लॉगिनमधून मंजुरी द्यायची असते. घोळ इथेच होतो. त्याला मेसेज येतो, तो ऑफिसात असतो, 'नंतर बघू' म्हणतो, महिना उलटतो, अर्ज रद्द होतो आणि पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून तो शेजारी बसलेला असतानाच अर्ज करा. आणि त्याआधी एक पाहून घ्या: त्याच्या स्वतःच्या आधारवर वाकडचा पत्ता आहे ना? तुमच्या आधारवर त्याचाच पत्ता उतरतो. त्याचाही कोथरूडचाच राहिला असेल, तर ७५ रुपये भरून तुम्ही पुन्हा त्याच जिन्याखाली.

आधार बदलला की पॅनचा पत्ता आपोआप बदलत नाही, तो अर्ज वेगळा. बँकेत फक्त पत्ता बदलला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तुमचं स्वयंघोषणापत्र पुरतं. दोन महिन्यांत पडताळणी बँकेने करायची. पण बँकेच्या नोंदीत कायमचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता असे दोन रकाने असतात. चेकबुक आणि कार्ड पत्रव्यवहाराच्या पत्त्यावर निघतं. दोन्ही बदलून घ्या. तुमची बँक विलीनीकरणातून गेलेली असेल, तर तुमच्या नावावर दोन ग्राहक क्रमांक नाहीत ना, तेही विचारा.

शेअरचं मात्र मनावर घ्या. डीमॅटमधल्या शेअरसाठी डीमॅट खातं जिथे आहे तिथे एक अर्ज पुरतो. कागदी सर्टिफिकेटं उरली असतील, तर प्रत्येक कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (म्हणजे तिच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) आयएसआर-१ फॉर्म वेगळा. लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही, की तो आणि त्यामागचे शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. त्याआधी कंपनी सूचना पाठवते. कुठल्या पत्त्यावर, ते तुम्हाला ठाऊक आहे. गाडी असेल तर पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते केव्हाच टळलं; आता तरी करा. मतदार यादीसाठी फॉर्म ८.

'मला पत्र मिळालंच नाही' हे तुमच्या बाजूने चालेल असंही धरू नका. योग्य पत्त्यावर नोंदणीच्या स्पीड पोस्टने (पूर्वीच्या रजिस्टर टपालाने) पाठवलेली नोटीस पोचली असं कायदा गृहीत धरतो, १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ आहे. पोचली नाही हे तुम्ही सिद्ध करायचं, आणि पत्ता तर तुम्हीच दिलेला.

जाता जाता: करारनाम्यात मालकाचा राहता पत्ता आणि भाड्याने दिलेली जागा एकच लिहिली गेली आहे का, बघा. तसं असेल तर पुढच्या नूतनीकरणात दुरुस्त करा. आणि महापालिकेची स्वतः राहणाऱ्यांसाठीची मिळकतकरातली ४० टक्के सवलत अजून घेत असाल, तर ती आधी सोडा.

तीन वर्षांनंतरही तुम्ही 'सध्या मुलाकडे असतो' लिहिता. मला वाटतं, पत्ते राहून गेले ते आळसाने नव्हे. टपाल येतं तोवर कोथरूडला जायला कारण राहतं. समोरच्या बिऱ्हाडाला आजच फोन करा आणि रविवारी चहाला येतो म्हणून सांगा. दुसऱ्या कारणाची गरज नाही. चढता चढता तेवढी किल्ली देऊन टाका.