गाडी बुक करून दोन महिने झाले. डीलर म्हणतो कंपनी गाडी देत नाही, कंपनी म्हणते डीलरला विचारा. जबाबदार कोण?

लातूरच्या शोरूमवर बोर्ड कंपनीचा असला तरी दुकान कंपनीचं नसतं. डीलर हा कंपनीचा पहिला गिऱ्हाईक. गाडी कारखान्यातून निघते तेव्हाच त्याच्या नावे बिल होतं आणि ते पैसे तो बहुतेक वेळा बँकेकडून उचलून भरतो. यार्डात उभ्या गाडीवर रोज व्याज चढतं. (संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, पण मराठवाड्यातल्या माणसालाही गाडी घ्यायला डीलरकडेच जावं लागतं.)

कंपन्या दर महिन्याला विक्रीचे जे आकडे जाहीर करतात, ते बहुतांशी डीलरला पाठवलेल्या गाड्यांचे असतात. म्हणून महिनाअखेरीस न खपणारी मॉडेलं गळ्यात मारतात, ही डीलरांची जुनी तक्रार. चालणारं मॉडेल मात्र मोजूनमापून येतं. त्यात दसरा-दिवाळीला सोयाबीनचा पैसा हातात आला की मागणी एकदम वाढते. तेव्हा ‘कंपनी गाडी देत नाही’ हे खरंही असू शकतं.

पण खोटंही असू शकतं. नुसत्या गाडीवर डीलरला फार सुटत नाही. कमाई विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि सर्व्हिसिंगवर. तुमच्या व्हेरियंटची, तुमच्या रंगाची गाडी आली आणि दुसरा कोणी हे सगळं शोरूममधूनच घ्यायला तयार असला, तर तुमचा नंबर मागे सरकतो. म्हणून आधी बुकिंग कंपनीच्या सिस्टीममध्ये चढलंय का ते बघा. साध्या पावतीवर भागवू नका, कंपनीचा बुकिंग नंबर मागा आणि कस्टमर केअरला तो सांगून खात्री करा. तिथे नोंद सापडली नाही, तर तुमचे पैसे नुसते डीलरच्या खात्यात पडून आहेत.

बुकिंग फॉर्मच्या मागची बारीक अक्षरंही वाचा. डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू, असं बहुधा तिथे लिहिलेलं असतं. रद्द केल्यास किती कापणार तेही. विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही.

गाडी आली की पासिंगच्या आधी फॉर्म 21 वर (विक्रीच्या दाखल्यावर) निर्मितीचा महिना-वर्ष बघा आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून घ्या. हे टाळू नका. 2009 ची गाडी 2011 ची म्हणून दिल्याच्या गोव्यातल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2021 मध्ये टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नाही. कंपनीचा डीलरशी व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता आणि कंपनीला त्या प्रकाराची माहिती असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून. निर्मितीतला दोष आणि वॉरंटी कंपनीकडे. बुकिंगचे पैसे, तारीख, पासिंग डीलरकडे.

आता डीलरला लेखी तारीख मागणारा मेल करा, कंपनीला कॉपी ठेवा. उत्तर नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच दावा लावता येतो, आणि त्यात दोघांनाही पक्षकार करा.